बांधलेला डाव

रात्री अकरानंतर काट्यावर गाडी येत नाही सहसा.
आली तर हॉर्न देते,
मी पत्ते पालथे ठेवून उठते.
मारेगाव रस्त्यावरची जिनिंग,
टेबल म्हणजे पावतीपुस्तकांचं खोकं,
पैसे म्हणजे सरकी.

रज्जाक मिस्त्रीचा भाचा जहाजावर भांडी घासायचा,
त्यानं आणला हा खेळ : दोन पत्ते आपले, पाच सगळ्यांचे.
उईके अजून त्याला होल्डम म्हणतो.
आमचा डाव बांधलेला.
आधीच्या दोन फेऱ्या दोन दाण्यांच्या, नंतरच्या दोन चारच्या,
त्याच्या वर उडी नाही.
तीन पत्तीत म्हणे कुणी बैलजोडी लावली होती.
इथं कुणाला घाबरवता येत नाही,
दोन दाण्यांची विचारपूस फक्त.

झाडे ग्रेडर दिवसभर
कापसाचा पुंजका दोन चिमटींत धरून ताणतो,
धागा कुठं तुटणार ते बोटांना आधी कळतं.
रात्री तो माणसं ताणतो.

वाटप माझं होतं, म्हणून बोलायची पाळी शेवटची.
हातात बदाम दश्शी, बदाम नव्वी.
चौघांचे दोन-दोन, मध्ये आठ दाणे.
तीन पत्ते उलटले :
बदाम सत्ती, बदाम दुर्री, किल्वर राणी.
माझ्याकडे अजून काहीच नाही,
आणखी एक बदाम आला तर सगळंच.

रज्जाक थांबला. झाडेनं दोन टाकले. उईकेनं भरले.
मीही भरणारच होते,
पण काट्यावर बसून एक शिकले :
गाडी भरलेली असते तेव्हाच रिकामीचं वजन मनात धरायचं.
आत्ता दोन जास्त टाकले
तर पुढं चार टाकायची वेळ कदाचित येणार नाही.
मी चढवले. चार.

रज्जाकनं पत्ते फेकले, बिडी पेटवली.
झाडेनं माझ्याकडं पाहिलं, पुंजक्याकडं पाहतो तसं,
आणि भरले. उईकेनंही.

इस्पिक चव्वी.
झाडे गप्प. उईके गप्प.
मीही गप्प. चारच्या फेरीत एक पत्ता फुकट पाहिला.
एवढ्याचसाठी होता तो सगळा आव.

शेवटचा पत्ता चौकट दश्शी.
बदाम आलाच नाही, दश्श्यांची जोडी तेवढी लागली,
उशीरा आलेल्या पाहुण्यासारखी,
जेवण संपल्यावर.

झाडेनं चार दाणे ढकलले.
उईके उठून पाणी प्यायला गेला, पत्ते तिथंच टाकून.

मध्ये चोवीस. मला भरायचे चार.
चढवू? चढवलं तर माझ्याहून हलका असेल तो पळेल,
भारी असेल तो हसत राहील.
म्हणजे चढवायचं नाही.
सोडू? सातातून सहादा झाडे खरं बोलत असेल
तरी सातव्या वेळी माझे पैसे फिटतात.
आणि झाडे
सातातून एकदा तरी खोटं बोलतो,
शेतकऱ्याचा माल पाहताना तर जास्तच.

मी चार दाणे मोजले, एकेक.

राणी. सोबत गुलाम.

"काहून भरलं वं बाई?" झाडे दाणे ओढत म्हणाला,
"हारलीच होती ना तू."
"हाव. सातातून सहादा हारतो मी हे.
ही कितवी, ते तूच सांग."
रज्जाक धूर सोडत हसला. झाडे नाही हसला,
एक दाणा उचलून नखानं सोलत बसला,
आत तेल आहे की नाही बघत.

मग फाटकाशी हॉर्न वाजला,
बाभुळगावची गाडी, ताडपत्रीवर दव.
मी दिवा लावला.
आकडा स्थिर व्हायला वेळ घेतो जरा,
वर जातो, खाली येतो,
ड्रायव्हरला वाटतं मी काहीतरी ठरवतेय.